रीटचे युनिट घेताना : भाडे, व्याजदर आणि बाजारभाव

रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, व्यवहारातले नाव रीट, म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींची मालकी असलेला आणि शेअर बाजारात नोंदलेला न्यास. गुंतवणूकदाराला त्यात युनिट मिळते. इमारतींचे भाडे जमा होते, त्यातून देखभालीचा खर्च, कर आणि कर्जावरचे व्याज जाते आणि उरलेली रोख युनिटधारकांत वाटली जाते, बहुधा दर तिमाहीला. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये, हिंजवडीत किंवा वांद्रे-कुर्ला संकुलात रोज कामाला जाणाऱ्या हजारो मराठी माणसांची कार्यालये आज अशाच एखाद्या रीटच्या इमारतीत आहेत, आणि त्या इमारतींचा बारीकसा हिस्सा शे-पाचशे रुपयांत विकत घेता येतो.

घोटाळा होतो तो रीटची ओळख करून देताना. ‘मुदत ठेवीसारखे नियमित उत्पन्न आणि फ्लॅटसारखी भाववाढ’ असे त्याचे वर्णन सर्रास केले जाते. मुदत ठेवीत मुद्दल निश्चित असते, रीटमध्ये ते बाजाराच्या हाती असते. फ्लॅटचा भाव रोज कोणी सांगत नाही. युनिटचा भाव दर सेकंदाला पडद्यावर हलत असतो. रीटचा परतावा शेवटी दोनच आकड्यांवर ठरतो : एका युनिटमागे वर्षाला हाती किती रोख येते आणि ते युनिट कोणत्या भावाने घेतले. चकचकीत काचेच्या इमारती, नामांकित भाडेकरू, प्रवर्तकाचे मोठे नाव हे सगळे या दोन आकड्यांपर्यंत पोचत असेल तरच उपयोगाचे.

नियमांची चौकट

अमेरिकेत रीटचा कायदा १९६० चा आहे. सिंगापूरमध्ये पहिला रीट २००२ मध्ये नोंदला गेला. भारतात सेबीने २०१४ मध्ये नियम केले, पण कराचे अडथळे दूर व्हायला आणखी काही वर्षे गेली. एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट १ एप्रिल २०१९ रोजी बाजारात आला. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये माइंडस्पेस बिझनेस पार्क्स, फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रुकफील्ड इंडिया, मे २०२३ मध्ये मॉलची मालकी असलेला नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नॉलेज रिअल्टी ट्रस्ट. २०२५ अखेर मोठे रीट म्हणायचे तर हे पाच. नेक्सस सोडला तर बाकीचे चारही प्रामुख्याने कार्यालयांचे.

नियमांतल्या तीन अटी गुंतवणूकदाराला तोंडपाठ असाव्यात. पहिली, रीटच्या मालमत्तेपैकी किमान ८० टक्के मूल्य पूर्ण झालेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या इमारतींत असले पाहिजे; बांधकाम चालू असलेले प्रकल्प आणि इतर गुंतवणुकी उरलेल्या २० टक्क्यांत. बिल्डरच्या शेअरपेक्षा रीट वेगळा पडतो तो याच अटीमुळे, कारण ताबा रखडण्याचा आणि विक्री न होण्याचा धोका त्यात मर्यादित राहतो. दुसरी, वितरणयोग्य निव्वळ रोखीपैकी किमान ९० टक्के रक्कम वाटावीच लागते. तिसरी, एकूण कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. २५ टक्क्यांपलीकडे जायचे तर पतमानांकन आणि युनिटधारकांची मंजुरी लागते.

रीट स्वतः इमारती चालवत नाही. मालमत्ता विश्वस्ताच्या नावे असते, कारभार व्यवस्थापक कंपनी पाहते आणि हा सारा घाट ज्याने घातला तो प्रायोजक. व्यवस्थापक कंपनी बहुधा प्रायोजकाचीच असते. प्रायोजकाने स्वतः बांधलेली इमारत पुढे रीटला विकली, तर विकणारा आणि घेणाऱ्याचा कारभारी एकाच घरचे. त्यासाठी स्वतंत्र मूल्यमापन आणि इतर युनिटधारकांची मंजुरी असे नियम आहेत. तरीही अशा खरेदीची सूचना आली की ती वाचण्यात घालवलेला अर्धा तास वाया जात नाही.

भाड्याचा करार कसा चालतो

कार्यालयाचा भाडेकरार हा घराच्या अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सपेक्षा फार वेगळा असतो. समजा, एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीने एक लाख चौरस फूट जागा दरमहा चौरस फुटाला ७० रुपये दराने घेतली. महिन्याचे भाडे ७० लाख, वर्षाचे ८ कोटी ४० लाख. करार नऊ वर्षांचा आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. तीन वर्षांनी दर ८० रुपये ५० पैसे होतो, सहा वर्षांनी ९२ रुपये ५८ पैसे. वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास ही वाढ पडते आणि ती कागदावर आधीच लिहिलेली असते.

मेख करारातल्या दुसऱ्या कलमात असते. भाडेकरूवरचे ‘लॉक-इन’चे बंधन बहुधा सुरुवातीच्या तीन ते पाच वर्षांपुरतेच असते. त्यानंतर ठरलेली नोटीस देऊन भाडेकरू जाऊ शकतो. घरमालकाला मात्र त्याला मुदतीआधी सहसा काढता येत नाही. सातव्या वर्षी करारातला दर ९२ रुपयांवर गेला आणि शेजारच्या नव्या इमारतीत तशीच जागा ८० रुपयांना मिळत असली, तर भाडेकरू एक तर दर खाली आणायला लावतो किंवा बाडबिस्तरा उचलतो. याच्या उलट, बाजारातला दर ११० झाला असेल तर करार संपल्यावर रीटची चांदी. अहवालात ‘चालू भाडे’ आणि ‘बाजारभाडे’ असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात ते यासाठी. चालू भाडे बाजारभाड्यापेक्षा कमी असेल तर पुढच्या वाढीला वाव आहे, जास्त असेल तर धोका आहे.

मॉलचे गणित वेगळे. तिथे दुकानदार किमान हमी भाडे देतो आणि विक्री ठरावीक पातळीपलीकडे गेली तर विक्रीतला हिस्साही देतो. दिवाळीत गर्दी उसळली तर मॉलच्या मालकाला त्याचा थेट लाभ होतो. टाळेबंदीसारखी वेळ आली तर फटकाही आधी तिथेच बसतो. २०२० मध्ये मॉल महिनोन्‌महिने बंद राहिले आणि भाड्यात सूट द्यावी लागली. त्याच काळात कार्यालये रिकामी दिसत असूनही एम्बसी आणि माइंडस्पेस यांची भाडेवसुली ९९ टक्क्यांच्या घरात राहिली. कर्मचारी घरी बसले होते, भाडेकरार घरी बसला नव्हता.

हाती येणारी रोख

एम्बसी रीटचे वितरण हे रीटच्या स्वभावाचे चांगले उदाहरण आहे, कारण त्याचाच इतिहास सर्वांत लांब. २०१९-२० मध्ये एका युनिटमागे २४ रुपये ३९ पैसे वाटले गेले. पुढच्या चार वर्षांत अनुक्रमे २१.४८, २१.७६, २१.७१ आणि २१.३३ रुपये. २०२४-२५ मध्ये २३.०१ रुपये. सहा वर्षांची बेरीज साधारण १३४ रुपये होते. करारात दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ लिहिलेली असताना हाती येणारी रोख सहा वर्षे जागच्या जागी का राहिली, हा प्रश्न प्रत्येक नव्या गुंतवणूकदाराने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

उत्तर तीन तुकड्यांत मिळते. एक तुकडा रिकाम्या जागेचा, दुसरा व्याजाचा आणि तिसरा नव्या युनिटांचा. पहिले दोन पुढे येतील, आधी तिसरा पाहू. या काळात एम्बसीच्या मालमत्ता कितीतरी वाढल्या. डिसेंबर २०२० मध्ये बंगळुरूचे एम्बसी टेकव्हिलेज हे संकुल ९,७८२ कोटी रुपयांना घेतले गेले. त्यासाठी नवी युनिटे काढली गेली आणि एकूण युनिटे ७७ कोटींवरून जवळपास ९५ कोटींवर गेली. रीटला नफा साठवून ठेवता येत नाही, ९० टक्के वाटावाच लागतो. त्यामुळे मोठी खरेदी करायची तर कर्ज काढणे किंवा नवी युनिटे विकणे हेच दोन मार्ग उरतात. रीट मोठा होत जातो, पण एका युनिटच्या वाट्याला येणारी रोख वाढेलच असे नाही. ब्रुकफील्डचे युनिटमागचे वितरण तर २०२१-२२ मधल्या २२ रुपयांवरून २०२३-२४ मध्ये १८ रुपयांच्या खाली उतरले, आणि तेही त्याचा पसारा वाढत असताना. ‘मालमत्तेत इतक्या टक्क्यांनी वाढ’ असे अहवालाच्या पहिल्या पानावरचे मथळे म्हणूनच फारसे मनावर घेऊ नयेत. युनिटमागचा आकडा शोधावा.

खरेदीचा भाव इथेच निर्णायक ठरतो. वर्षाला साडेएकवीस रुपये वितरण धरले, तर ३०० रुपयांना युनिट घेणाऱ्याला करापूर्वी सात टक्क्यांहून थोडे अधिक उत्पन्न मिळते. तेच युनिट ४५० ला घेणाऱ्याला पावणेपाच टक्केही जेमतेम. इमारत तीच, भाडेकरू तेच, भाडेही तेच. घराच्या तुलनेत मात्र हे दोन्ही आकडे बरे म्हणायचे, कारण मुंबईत राहत्या फ्लॅटचे भाडे त्याच्या किमतीच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे क्वचितच जाते, आणि त्यातून सोसायटीचे मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वेगळा.

बाजारभाव कशाने हलतो

एम्बसीचे युनिट ३०० रुपयांना विकले गेले होते. वर्षभराच्या आत ते ४०० च्या बरेच वर गेले. व्याजदर उतरत होते आणि नवलाईही होती. मार्च २०२० मध्ये साऱ्या बाजाराबरोबर तेही कोसळले. पण रीटसाठी खरे कठीण वर्ष ठरले ते २०२३. त्या वर्षी एम्बसीचे युनिट ३०० च्या, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या मूळ विक्रीभावाच्या खाली गेले. ब्रुकफील्डचे युनिटही आपल्या २७५ रुपयांच्या मूळ भावाखाली रेंगाळत होते. शेअर बाजार नवे उच्चांक गाठत असताना हे घडले. त्यामागची चार कारणे समजून घेतली की रीटच्या बाजारभावाचे शास्त्र बहुतेक समजते.

सर्वांत मोठे कारण व्याजदर. मे २०२२ पर्यंत ४ टक्के असलेला रेपो दर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर नेला. याचा रीटवर दुहेरी मार बसतो. बँकेची ठेव सात-साडेसात टक्के देऊ लागली की सहा टक्क्यांच्या रीटकडे कोण वळणार? गुंतवणूकदार जास्त उत्पन्न मागतात आणि वितरण तेवढेच असल्याने भाव खाली येऊनच ते उत्पन्न जुळते. दुसरा मार आतून बसतो. समजा, १०० कोटींच्या मालमत्तेतून खर्च वजा जाता वर्षाला ८ कोटी येतात आणि तिच्यावर ३० कोटींचे कर्ज आहे. व्याज ७ टक्के असताना २ कोटी १० लाख जातात, ५ कोटी ९० लाख उरतात. व्याज ९ टक्के झाले की २ कोटी ७० लाख जातात आणि ५ कोटी ३० लाख उरतात. भाडे एक रुपयाने घटलेले नसताना वाटायची रक्कम दहा टक्क्यांनी आटली. सगळे कर्ज एकदम महाग होत नाही हे खरे. स्थिर व्याजाचे रोखे मुदत संपेपर्यंत जुन्याच दराने चालतात. पण ती मुदत कधी संपते हे पाहून ठेवायला हवे.

दुसरे कारण विशेष आर्थिक क्षेत्रांचे. रीटच्या अनेक संकुलांचा, त्यात ऐरोली आणि हिंजवडीही आली, बराच भाग या क्षेत्रांत मोडत होता. तिथे सुरू होणाऱ्या नव्या उद्योगांना आयकरात मिळणारी सूट ३१ मार्च २०२० नंतर बंद झाली. सूट गेली तसे आकर्षणही गेले. नियमांचा जाच तेवढा राहिला. देशांतर्गत काम करणाऱ्या कंपन्यांना तिथे सहजासहजी जागा घेता येत नव्हती. परिणामी रस्त्यापलीकडच्या साध्या इमारतीत जागा मिळत नाही आणि अलीकडच्या विशेष क्षेत्रात मजलेच्या मजले रिकामे, अशी विचित्र अवस्था झाली. एम्बसीची भरलेली जागा ८५ टक्क्यांच्या आसपास आणि ब्रुकफील्डची त्याहून खाली घसरण्यामागे हे मोठे कारण होते. डिसेंबर २०२३ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने इमारतीतले ठरावीक मजले विशेष क्षेत्रातून वेगळे काढण्याची मुभा दिली आणि कोंडी फुटू लागली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन ओळींत आलेल्या या बदलाने रीटधारकांचे जितके भले केले तितके कुठल्याही नव्या इमारतीने केले नसेल.

तिसरे कारण कराचे. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात वितरणातल्या कर्जफेडीच्या भागावर कर लावण्याचा प्रस्ताव आला आणि भाव आपटले. मार्चमध्ये तो सौम्य करण्यात आला. चौथे कारण मोठ्या प्रायोजकाच्या बाहेर पडण्याचे. ब्लॅकस्टोनने एम्बसीतला आपला उरलेला सगळा हिस्सा डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे सात हजार कोटी रुपयांना विकला. एवढा माल बाजारात येणार हे आधीच दिसत असले की भाव वर सरकत नाही. तो विकला गेल्यावर डोक्यावरची टांगती तलवार गेली, हेही खरे.

पुढे चित्र पालटले. परदेशी कंपन्यांच्या भारतातल्या सेवा-केंद्रांनी कार्यालये घेण्याचा सपाटा लावला, रिकामे मजले भरू लागले आणि २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर टप्प्याटप्प्याने ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. जे दोन मार २०२३ मध्ये बसले होते तेच उलट्या दिशेने पाठीशी उभे राहिले. २०२५ मध्ये एम्बसीचे युनिट पुन्हा ४०० च्या वर गेले आणि ब्रुकफील्डही आपला मूळ भाव ओलांडून ३०० च्या पुढे सरकला.

या सगळ्याचा हिशेब किती? एम्बसीचे युनिट ३०० ला घेऊन ज्याने मार्च २०२५ पर्यंत ठेवले त्याला सुमारे १३४ रुपये रोख मिळाले आणि युनिटचा भाव ३६० ते ३७० च्या दरम्यान होता. वर्षाला साधारण दहा टक्क्यांचा हा परतावा. त्याच सहा वर्षांत निफ्टी ५० निर्देशांक साडेअकरा हजारांच्या आसपासून साडेतेवीस हजारांवर, म्हणजे दुपटीवर गेला, लाभांश वेगळा. मुदत ठेवीला रीटने सहज मागे टाकले, शेअर बाजाराला गाठले नाही. अशा कामगिरीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही, मात्र रीटकडून याहून फार मोठी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचा रीट आणि इन्व्हिट (पायाभूत सुविधांचे असेच न्यास) यांचा एकत्रित निर्देशांक २०२३ पासून उपलब्ध आहे. त्यात वीजवाहिन्या आणि महामार्गांचे इन्व्हिटही असल्याने केवळ रीटचा अंदाज घ्यायला तो पुरेसा नाही.

अहवालात काय पाहावे

प्रत्येक रीट दर तिमाहीला सादरीकरण प्रसिद्ध करतो. पहिली दहा-बारा पाने छायाचित्रांची आणि पुरस्कारांची असतात. ती ओलांडून पुढे जावे. भरलेल्या जागेची टक्केवारी दोन प्रकारे दिलेली असू शकते. एकीत प्रत्यक्ष भाडे सुरू झालेली जागा असते, दुसरीत करार झालेली पण भाडे अजून सुरू न झालेली जागाही धरलेली असते. दुसरा आकडा मोठा दिसतो म्हणून मथळ्यात तोच येतो. जागा ताब्यात दिल्यावर अंतर्गत सजावटीसाठी काही महिने भाडेमाफी देण्याची पद्धत आहे, त्यामुळे या दोन आकड्यांतली तफावत रोखीत उतरायला सहा महिने ते वर्ष लागू शकते.

त्यानंतर करारांची सरासरी शिल्लक मुदत आणि येत्या तीन वर्षांत किती टक्के भाड्याचे करार संपणार आहेत ते पाहावे. पहिल्या दहा भाडेकरूंकडून एकूण भाड्याचा किती वाटा येतो आणि ते सगळे एकाच धंद्यातले आहेत का, हेही. भारतातल्या कार्यालयीन रीटचे नशीब माहिती-तंत्रज्ञान आणि परदेशी सेवा-केंद्रे यांच्याशी घट्ट बांधलेले आहे. ज्याची नोकरीही आयटीत आणि बचतही आयटीच्या शेअरमध्ये, त्याने पुण्या-बंगळुरूच्या आयटी पार्कचे रीट घेतले तर धोका वाटला जात नाही, एकाच ठिकाणी साचतो.

निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे एनएव्ही, हा आकडा लोकांना फार भुरळ घालतो. स्वतंत्र मूल्यमापक इमारतींच्या भावी भाड्याचा अंदाज बांधून त्याचे आजचे मूल्य काढतो. कर्ज वजा करून युनिटांनी भागले की एनएव्ही येते. २०२३ मध्ये एम्बसीची एनएव्ही चारशेच्या आगेमागे असताना बाजारभाव तीनशेच्या आसपास होता. रुपयाचा माल बारा आण्यांत मिळतो आहे असे वाटणे साहजिक. पण एनएव्हीतही भाडेवाढीचे, रिकाम्या जागेचे आणि व्याजदराचे अंदाज गुंफलेले असतात आणि एनएव्हीच्या भावाने युनिट परत घेण्याचे बंधन कोणावर नाही. म्युच्युअल फंडाच्या एनएव्हीशी तिची गल्लत करू नये. बाजारभाव एनएव्हीच्या किती खाली आहे यापेक्षा ती सूट नेहमीच्या मानाने जास्त की कमी, एवढाच या आकड्याचा उपयोग.

करांचा गुंता

रीटचे वितरण बँकेत एक रक्कम म्हणून जमा होते, पण आयकराच्या दृष्टीने ते तीन-चार पदार्थांचे मिश्रण असते : व्याज, लाभांश, क्वचित थेट भाडे, आणि कर्जफेड. शेवटचा पदार्थ नवख्याला कोड्यात टाकतो. इमारती बहुधा रीटच्या मालकीच्या स्वतंत्र कंपन्यांकडे असतात आणि रीट त्यांना कर्ज देतो. त्या कंपन्या भाड्यातून ते फेडतात आणि फेडीची ती रक्कम युनिटधारकाकडे येते.

व्याजाचा भाग उत्पन्नात मिळवून आपापल्या टप्प्याच्या दराने करपात्र असतो. निवासी गुंतवणूकदाराच्या बाबतीत त्यातून १० टक्के उगमकर कापला जातो, अनिवासी भारतीयांच्या बाबतीत ५ टक्के. लाभांशाचे उत्तर त्या इमारतीच्या कंपनीवर अवलंबून : तिने सवलतीच्या दराची नवी करपद्धत घेतली नसेल तर लाभांश युनिटधारकाला करमुक्त, घेतली असेल तर करपात्र. कर्जफेडीच्या भागावर लगेच कर नसतो, पण तेवढ्याने युनिटची खरेदी किंमत कमी धरावी लागते. ३०० ला घेतलेल्या युनिटवर काही वर्षांत ३० रुपये कर्जफेड म्हणून मिळाले, तर किंमत २७० धरायची. ४०० ला विकल्यावर नफा १०० ऐवजी १३० मोजला जातो. अशी मिळालेली एकूण रक्कम, आधीच्या धारकांना मिळालेली धरून, युनिटच्या मूळ विक्रीभावापलीकडे गेली तर जादा रक्कम सरळ उत्पन्न म्हणून करपात्र होते.

यावरून एक व्यवहारी गोष्ट निघते. दोन रीट सारखेच सहा टक्के देत असले तरी तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हाती पडणारी रक्कम सारखी नसते. ज्याच्या वितरणात करमुक्त लाभांशाचा वाटा मोठा, त्याचे सहा टक्के खरे सहाच्या जवळ राहतात. ज्याच्यात व्याजच जास्त, त्याचे सव्वाचारावर येतात. हा विभाग प्रत्येक वितरणाच्या घोषणेत रुपये-पैशांसह दिलेला असतो आणि वर्षअखेरीस त्याचे विवरणपत्रही येते. विवरण भरणाऱ्या सल्लागाराकडे ते न विसरता द्यावे.

युनिट विकल्यावरचा कर २३ जुलै २०२४ पासून सोपा झाला. पूर्वी दीर्घ मुदतीचा लाभ घ्यायला तीन वर्षे थांबावे लागे, आता बारा महिने पुरतात. शेअर आणि शेअर-म्युच्युअल फंड धरून वर्षाचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखापर्यंत करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. बारा महिन्यांच्या आत विकल्यास २० टक्के.

खरेदी कशी आणि किती

सुरुवातीला रीट सामान्य माणसासाठी नव्हतेच. एम्बसीच्या विक्रीत किमान अर्ज दोन लाखांवर जात होता आणि बाजारातही शेकड्याने युनिटे घ्यावी लागत. जुलै २०२१ मध्ये सेबीने किमान अर्ज १०,००० ते १५,००० रुपयांवर आणला आणि बाजारात एका युनिटचा व्यवहार खुला केला. आता डीमॅट खाते असलेल्याला शेअरसारखेच रीटचे युनिट घेता येते. फरक इतकाच की उलाढाल बड्या शेअरच्या मानाने विरळ असते. मोठी रक्कम बाजारभावाने घालण्यापेक्षा भाव ठरवून लिमिट ऑर्डर द्यावी आणि खरेदी दोन-चार हप्त्यांत करावी. वितरणाच्या रेकॉर्ड डेटच्या तोंडावर घाईने घेण्यात अर्थ नसतो. पाच-सहा रुपये हाती येतात आणि साधारण तेवढ्यानेच भाव खाली उघडतो.

ज्याला एकेक अहवाल वाचायचा कंटाळा, त्याच्यासाठी म्युच्युअल फंडांचा रस्ता आहे. सेबीने १ जानेवारी २०२६ पासून फंडांच्या रीटमधील गुंतवणुकीला शेअरचा दर्जा दिला आहे, त्यामुळे शेअर-फंडांतही रीट अधिक दिसू लागण्याची शक्यता आहे. तसे झाले तर उलाढाल वाढेल. पण शेअर बाजार पडला की फंडांच्या विक्रीत रीटही अधिक भरडले जातील. गुंतवणुकीत विविधता यावी म्हणून रीट घेणाऱ्याने ही बाजू ध्यानात ठेवावी.

निवृत्तांनी सगळी पुंजी रीटमध्ये घालणे चूक ठरेल. २०२३ मध्ये ज्याला औषधोपचारासाठी युनिटे विकावी लागली, त्याने चार वर्षांपूर्वीच्या मूळ भावापेक्षाही कमी रक्कम उचलली. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा ठेवीतच बरा. उलट, भाड्याच्या उत्पन्नासाठी दुसरा फ्लॅट किंवा एखादा गाळा कर्ज काढून घेण्याच्या विचारात असलेल्या चाळिशीतल्या नोकरदाराने मुद्रांकशुल्क, नोंदणी, दलाली, रिकामे महिने आणि भाडेकरूच्या कटकटी यांचा हिशेब मांडून पाहावा. त्या रकमेचा काही भाग दोन-तीन रीटमध्ये वाटून घालणे त्याला बहुधा अधिक सोयीचे पडते. एकूण गुंतवणुकीच्या दहाव्या हिश्शापलीकडे मात्र जाऊ नये, कारण मोजकेच रीट असलेल्या बाजारात एका प्रायोजकाची किंवा एका शहराची अडचण सहज सगळ्यांना भिडते.

मार्च २०२४ पासून लघु व मध्यम रीट, म्हणजे एसएम रीट, हा नवा प्रकारही नियमांत आला आहे. ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेसाठी तो आहे आणि एका युनिटची किंमत किमान १० लाख रुपये. पूर्वी काही संकेतस्थळे वीस-पंचवीस लाखांत कार्यालयाचा अंश विकत आणि त्यावर कोणाची देखरेख नसे. तो व्यवहार सेबीच्या कक्षेत आला ही चांगली गोष्ट. पण अशी एक योजना एखाद-दुसऱ्या इमारतीवर उभी असते. मोठ्या रीटमध्ये शेकड्याने भाडेकरू असतात, त्यातला एक गेला तरी वितरणाला चरा पडतो इतकेच. इथे मुख्य भाडेकरूने जागा सोडली तर नवा मिळेपर्यंत वितरण जवळपास थांबू शकते, आणि दहा लाखांचे युनिट घ्यायला त्या दिवशी बाजारात गिऱ्हाईकही सापडणार नाही. जाहिरातीत लिहिलेला आठ-नऊ टक्क्यांचा दर त्या जोखमीची किंमत आहे, असे समजूनच त्याकडे पाहावे.